साठी उलटलेला विद्यार्थी कुणाच्याच पटावर नाही

पोलीस असल्याचे भासवून फोनवरून धाक घालत पैसे उकळण्याच्या, म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’च्या प्रकरणांचा तपास सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये सीबीआयकडे सोपवला. अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. इकडे बँका, पोलीस ठाणी आणि मोबाइल कंपन्या एकच पाठ गिरवून घेत आहेत: अनोळखी कॉल घेऊ नका, ओटीपी सांगू नका, फसलात तर १९३० या हेल्पलाइनला फोन करा. सल्ला रास्तच आहे. पण ही ताकीद झाली, शिकवणी नव्हे. पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदा व्हॉट्सॲप, फेसबुक हाती आलेल्या माणसाला हे जग बसून, सावकाश, पुन्हा पुन्हा कुणी शिकवलेलेच नाही. नात्यातला एखादा मुलगा घाईघाईत ॲप टाकून देतो, डीपी लावून देतो आणि ‘आता येईल तुम्हाला’ म्हणून निघून जातो. फसवणुकीचे मूळ वयात शोधण्याआधी या न झालेल्या शिकवणीत शोधायला हवे.

सरकारी पातळीवर शिकवणी झाली, नाही असे नाही. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ मध्ये सुरू झाले. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतल्या प्रत्येकी एकाला वीस तासांचे प्रशिक्षण द्यायचे, असे त्याचे उद्दिष्ट होते. मार्च २०२४ मध्ये योजना संपली, तेव्हा उद्दिष्टापेक्षा जास्त लोक प्रशिक्षित झाल्याची नोंद होती. मात्र पात्रतेची वयोमर्यादा १४ ते ६० वर्षे होती. म्हणजे निवृत्त होऊन, हाताशी वेळ असताना, परगावच्या मुलांशी बोलण्यासाठी म्हणून जो माणूस स्मार्टफोन घेतो, तो देशाच्या सर्वांत मोठ्या डिजिटल वर्गाच्या दारातच अडला. ही अट कुणालाच खटकली नाही, याचे वाईट वाटते.

आणि शिकवायचे तरी काय? बटणे दाबणे ज्येष्ठांना येते. आठवडाभरात सकाळचे फुलांचे फोटो सुरू होतात. अवघड भाग पुढचा आहे: समोर कोण आहे आणि आपण लिहिलेले कोण पाहते आहे, हे ओळखणे. फेसबुकवर पोस्टजवळ पृथ्वीच्या गोलाचे बारीक चित्र असते. ते असले तर नातवाच्या शाळेच्या गणवेशातला फोटो जगातला कुणीही पाहू शकतो. दोन माणसांचे चित्र असेल तर फक्त मित्रयादीतले. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी आणि त्यात ग्रुप्स असा पर्याय आहे. तो बदलला नसेल तर जवळपास कुणीही आपल्याला कुठल्याही ग्रुपमध्ये ओढू शकतो. शेअर बाजाराच्या नावाने चालणारी फसवणूक बऱ्याचदा इथूनच सुरू होते. आधी फेसबुकवरची जाहिरात, मग ग्रुप. ग्रुपमध्ये शे-दीडशे सभासद, रोज कुणीतरी नफ्याचा स्क्रीनशॉट टाकतो, दुसरा ‘सरांचे आभार’ मानतो, तिसरा थोडी शंका काढतो आणि चौथा त्याचे समाधान करतो. यातले बहुतेक नंबर एकाच टोळीचे असतात. ज्याने आयुष्यभर भिशी, सोसायटी, कर्मचारी पतपेढी चालवली, त्याच्या अनुभवाप्रमाणे दीडशे नावे म्हणजे दीडशे माणसे. त्याची माणसांची पारख कच्ची नाही, पण ती ज्या खुणांवर चालते त्या खुणाच इथे खोट्या आहेत.

यावर पहिला आक्षेप तयार असतो: वय झाले की माणूस भोळा होतो, शिकवून काय उपयोग? या समजुतीला आधार देणारी आकडेवारी आहेच. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत ६५ वर्षांवरच्या फेसबुक वापरकर्त्यांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट खोट्या बातम्यांचे दुवे पुढे पाठवले, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. परंतु त्याचे कारण निव्वळ म्हातारपण नाही, या माध्यमाची अनोळख हेही आहे, असे मानसशास्त्रज्ञ नादिया ब्रॅशियर आणि डॅनियल शॅक्टर यांनी पुढच्याच वर्षी मांडले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तर ज्येष्ठांना थेट शिकवूनच पाहिले. २०२२ च्या त्यांच्या अहवालानुसार, अभ्यासक्रमापूर्वी ज्येष्ठ १०० पैकी सुमारे ६४ वेळा खऱ्या-खोट्याचा योग्य निवाडा करत होते, नंतर ८५ वेळा. ही मंडळी आपणहून वर्गाला आलेली होती, तेव्हा सगळ्यांचा निकाल असाच लागेल असे नाही. तरी म्हातारा माणूस शिकत नाही, हे म्हणणे यापुढे टिकत नाही.

शिकवणी किती हवी, याचे उत्तर मात्र आपल्याच देशात मिळते. राज्यशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये सुमारे बाराशे लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन, समोरासमोर, तासभर खोट्या बातम्या ओळखायला शिकवले. एकंदरीत काहीच फरक पडला नाही. हा निष्कर्ष आपल्याकडच्या तासाभराच्या ‘सायबर जनजागृती’ कार्यक्रमांनी भिंतीवर लावून ठेवावा असा आहे: प्रमुख पाहुणे, स्लाइड, पत्रक, चहा, संपले! बद्रीनाथन आणि त्यांचे सहकारी तिथेच थांबले नाहीत, ही त्यांची थोरवी. पुढे बिहारमध्येच तेरा हजारांहून अधिक शाळकरी मुलांसाठी गावोगावच्या ग्रंथालयांत त्यांनी काही महिन्यांचा वर्ग चालवला. या वेळी फरक पडला आणि चार महिन्यांनी पाहिले तरी टिकून होता. सर्वांत मोलाची गोष्ट अशी, की वर्गाला कधीच न आलेल्या आईवडिलांचीही खरे-खोटे ओळखण्याची क्षमता सुधारली. घरातले मूल चिडून फोन हिसकावण्याऐवजी शांतपणे सांगू लागले की मोठी माणसे ऐकतात.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा असतो: एवढा धोका असेल तर त्यांनी यापासून दूरच राहावे. मुले काळजीपोटी असे म्हणतात, पण यात अन्याय आहे. सोसायटीची नोटीस, डॉक्टरांची वेळ, भजनी मंडळाचा निरोप, अमेरिकेतल्या नातीचा चेहरा, सगळे त्याच फोनवर येते. दूर ठेवलेला माणूस एकटा पडतो, आणि प्रेमाने चौकशी करणाऱ्या अनोळखी आवाजाला एकटा माणूसच लवकर बळी पडतो. शिवाय अडाणीपणाची किंमत एकट्या फसलेल्यालाच मोजावी लागते असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच भटक्या माणसांचा जीव घेतला. त्याआधी अफवा फोनवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. वारंवार फिरलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूणही पुढे आली, पण ती खूण काय सांगते हे किती ज्येष्ठांना कुणी बसून दाखवले असेल?

महाराष्ट्राला यासाठी नवी इमारत बांधायला नको. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालये गावोगाव आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजनेची मुले आहेत. आठवड्यातून एक दुपार, तीन महिने, शिकणाऱ्याच्याच फोनवर, त्याच्याच भाषेत आणि एका मुलामागे चार-पाचच विद्यार्थी, एवढे जमवता येते. पहिल्या दिवशी फक्त ग्रुपचा तो पर्याय बदलावा आणि दोन बाण दाखवावेत. पुढच्या आठवड्यात विसरले असतील, तर न चिडता पुन्हा दाखवावेत. आणि साक्षरतेची पुढची योजना आखताना वयाच्या रकान्यातला साठचा आकडा खोडावा.