डावा दिवा

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला नाना पेठेतल्या या गल्लीत ऊन अगदी मधोमध उतरतं. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं. छताला टांगलेल्या केबली, फॅनबेल्टच्या माळा, दारातच रचून ठेवलेले मडगार्ड. ग्रीसचा वास येतो. तापलेल्या रबराचा येतो. कुठेतरी वेल्डिंग चाललंय, त्याचाही येतो. मागून हातगाडीवाला ओरडतो आणि सगळे अंग चोरून भिंतीला लागतात.

गल्लीच्या टोकाला ऑटो इलेक्ट्रिशियनचा गाळा आहे. आत जेमतेम एक टेबल मावतं, त्यामुळे काम सगळं रस्त्यावर. रांग लागलेली आहे. पहिली रिक्षा, हॉर्न वाजत नाही. तिच्यामागे टेम्पो, सेल्फ उचलत नाही. मग दोन स्कूटर. आणि शेवटी, शेजारच्या इमारतीची सावली संपते तिथे, लष्करी हिरव्या रंगाची विलिस जीप.

तिच्याभोवती माणसं आहेत. या गल्लीत सगळ्यांनी सगळ्या गाड्या पाहिलेल्या असतात, तरी जो येतो तो थांबतो. बॉनेटवरून हात फिरवतो आणि चटका बसून मागे घेतो. चहावाला पोऱ्या दोन ग्लास हातात धरून जाळीच्या फटी मोजतो. नऊ आहेत. दिवे जाळीच्या आत, दोन्ही कडांना बसवलेले. डाव्या मडगार्डवर आणखी एक छोटा दिवा, वर टोपीसारखं झाकण असलेला. ब्लॅकआउटमध्ये विमानाला न दिसता चालवायचा तो.

जीप १९४४ ची आहे. महायुद्धाच्या काळात विलिस आणि फोर्ड या दोघांनी मिळून अशा सहा लाखांवर जीप बनवल्या. मालक सत्तरीतले आहेत. पांढरा शर्ट, पाठ घामानं भिजलेली. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणतात. जीप त्यांनी अगदी सुटी करून पुन्हा उभी केली आहे. चेसिस खरवडून रंगवली, बोल्ट नवे, वायरिंग नवं. मूळची ६ व्होल्टची यंत्रणा काढून १२ ची केली, डायनमोच्या जागी अल्टरनेटर बसवला. आणि मूळच्या गोल दिव्यांच्या जागी त्याच मापाचे एलईडी.

"डावा मधूनच जातो," काका सांगतात. "परत येतो. दोनदा नवा आणला."

उस्ताद रिक्षाच्या खाली आहेत. तिथूनच विचारतात, "केव्हा जातो?"

सगळं काम या प्रश्नावर उभं आहे, आणि उस्ताद तो वैद्यानं नाडी धरावी तसे विचारत राहतात. खड्ड्यात जातो की सपाट रस्त्यावरही? अर्ध्या तासानं जातो की चालू केल्या केल्या? इंजिन रेस केलं की येतो का? पावसात जास्त का? अप्परवर जातो की डिपरवर? प्रत्येक उत्तर वेगळ्या दिशेला नेतं. ठरावीक वेळानं जात असेल तर उष्णता. एलईडीच्या पाठीवरच्या पंख्यांना हवा लागली नाही, की आतलं सर्किट स्वतःला वाचवण्यासाठी प्रकाश कमी करतं किंवा बंदच करतं. इंजिनाच्या वेगाबरोबर बदलत असेल तर चार्जिंग. फक्त अप्परवर किंवा फक्त डिपरवर जात असेल तर पायाचा स्विच. हादऱ्यानं जात असेल तर सांधा.

"खड्ड्यात," काका म्हणतात. "दोन्हीवर जातो. अप्परवर जरा जास्त."

रिक्षाचा हॉर्न वाजतो. गल्ली दणाणते. टेम्पो पुढे सरकतो. आम्ही वाट पाहतो. लोखंडी स्टुलावर बसवत नाही, इतकं ते तापलंय. कोणीतरी जुन्या ट्यूबवर पोतं टाकून देतं. पंखा गाळ्याच्या आत आहे आणि त्याचं वारं उंबऱ्यापर्यंतच येतं. काका बसत नाहीत. ते जीपच्या डाव्या बाजूला उभे राहतात, स्टिअरिंग तिकडेच आहे. क्लचच्याही डावीकडे, फरशीवर, डिमरचा गोल खटका. डाव्या पायानं दाबायचा. त्यावर चिखल वाळलेला आहे.

साडेतीन वाजता जीपची पाळी येते.

उस्ताद आधी काहीच मोजत नाहीत. दोन्ही दिवे काढायला लावतात आणि डावा उजवीकडे, उजवा डावीकडे बसवतात. उस्तादांच्या हाताखालचा पोऱ्या आत बसून स्विच ओढतो. हा स्विचही लष्करी डोक्याचा: पहिल्या टप्प्यात फक्त ब्लॅकआउटचे दिवे लागतात, पुढे ओढायला बाजूचं बटण दाबावं लागतं. अंधारात चुकून मोठे दिवे लागू नयेत म्हणून. दोन्ही दिवे लागतात. उस्ताद डाव्या मडगार्डला तळहाताचा ठोसा मारतात. डावा दिवा विझतो, पुन्हा लागतो. ज्या दिव्याला उजवीकडे काही होत नव्हतं तोच डावीकडे आला आणि जायला लागला.

"दिवा चांगला आहे काका. दोन्ही चांगले होते."

काका काही बोलत नाहीत. परत केलेल्या आणि फेकलेल्या दिव्यांचा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो.

आता मल्टिमीटर येतो. सॉकेट काढलेला असताना दोन टोकं लावतात, १२.४ व्होल्ट. भरपूर. इथेच बहुतेक जण फसतात. तारेतून काही वाहत नसतं तेव्हा गंजलेला, अर्धा तुटलेला सांधाही पूर्ण दाब दाखवतो. खोट दिसते ती भार टाकल्यावर. म्हणून उस्ताद सॉकेट परत लावतात, दिवा चालू ठेवतात आणि तारेच्या पाठीतून पिना घुसवतात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अधिक टर्मिनलला, दुसरं दिव्याच्या अधिक तारेला. ०.३. चालेल. मग एक टोक बॅटरीच्या वजा टर्मिनलला, दुसरं दिव्याच्या अर्थला.

१.८.

आजूबाजूचे दोघेतिघे वाकून बघतात. धड अर्थिंगवर हा आकडा ०.२ च्या वर जायला नको. उस्ताद पुन्हा मडगार्डला धक्का देतात. २.२, २.९, आकडा ३ च्या पुढे सरकतो, दिवा विझतो, आणि त्याच क्षणी आकडा जवळजवळ शून्यावर पडतो. मग दिवा परत लागतो.

हा चढउतार मी एकटक बघतो, कारण एलईडी आणि जुना बल्ब यांतला सगळा फरक त्यात आहे. तारेचा बल्ब दाब कमी पडला की मंद होतो, पिवळा पडतो, पण विझत नाही. एलईडीचं सर्किट हार मानत नाही. ३० वॉटचा दिवा आपले ३० वॉट पुरे करायला बघतो, म्हणून दाब घटला की जास्त प्रवाह ओढतो. प्रवाह वाढला की खराब सांध्यावर आणखी दाब खर्ची पडतो. दाब सर्किटच्या किमान मर्यादेखाली, या दिव्यावर ९ व्होल्ट छापलंय, गेला की ते बंद होतं. बंद झालं की प्रवाह थांबतो, प्रवाह थांबला की दाब पुन्हा १२ वर येतो, आणि सर्किट नव्यानं सुरू होतं. माणूस म्हणतो, दिवा खराब. दिवा बिचारा नियमाप्रमाणे वागत असतो.

खात्रीसाठी उस्ताद टेबलाखालून ५५ वॉटचा जुना हॅलोजन बल्ब काढतात आणि डाव्या सॉकेटला जोडतात. लालसर, मिणमिणता उजेड. तोच उजव्या सॉकेटला, पांढरा भक्क. मीटर न समजणाऱ्यालाही हे समजतं. प्रत्येक एलईडीवाल्यानं असा एक बल्ब डिकीत ठेवावा.

अर्थ कुठे तुटतो ते शोधायचं राहतं. उस्ताद जाळीमागे हात घालून एक पाकळीचा नट सैल करतात आणि अख्खा दिवा, डब्यासकट, बिजागरीवर उलटा फिरतो. तोंड इंजिनाकडे. गर्दीतून "अरे!" येतं. रात्री आघाडीवर इंजिन उघडायची वेळ आली तर बॅटरी कोण धरणार, म्हणून दिवाच फिरवायचा. ऐंशी वर्षांपूर्वीची ही युक्ती इतकी साधी आहे की बघताना ऊर भरून येतो.

पण काकांच्या नव्या वायरिंगमध्ये दिव्याचा अर्थ त्याच्या डब्याला जोडलाय. म्हणजे परतीचा सगळा प्रवाह डब्यातून बिजागरीत, बिजागरीतून ब्रॅकेटमध्ये, तिथून जाळीत, जाळीतून चेसिसवर. आणि या प्रत्येक ठिकाणी काकांनी मनापासून मारलेला रंग आहे. खाली प्रायमर, वर दोन हात. बोल्ट कसताना रंग जिथे खरवडला गेला तेवढ्या टिकलीभर जागेतून विजेची ये-जा चालली आहे. उस्ताद बिजागरीची पिन ओढून काढतात. एका बाजूला तांबूस गंज, दुसऱ्या बाजूला हिरवा रंग, मधे नखाएवढी चमकणारी रेघ. तेवढाच अर्थ होता.

अशा जीपमध्ये हेच पुन्हा पुन्हा दिसतं: जितकी देखणी उभी केलेली, तितका तिचा अर्थ कच्चा. मळकट, न रंगवलेली जीप खडखडत चालते आणि तिचे दिवे लागतात.

चहा येतो. वीज जाते. आतला पंखा थांबतो आणि उकाडा एकदम अंगावर येतो. काम थांबत नाही, बॅटरी जीपचीच आहे.

दुरुस्तीला फार वेळ लागत नाही. दोन्ही दिव्यांना अर्थची स्वतंत्र काळी तार, अडीच चौरस मिलिमीटरची. टोकांना थिंबल दाबून, वर स्लीव्ह. दिवा उलटा फिरवता यावा म्हणून बिजागरीजवळ वेटोळं ठेवलेलं. दोन्ही तारा चेसिसच्या एका बोल्टवर येतात. तिथला रंग पॉलिश पेपरनं घासून लोखंड उघडं केलंय, दातेरी वॉशर घालून कसलंय आणि वरून पेट्रोलियम जेली. त्याच बोल्टपासून बॅटरीच्या वजा टर्मिनलपर्यंत एक जाड तार. "रिले टाकू का?" पोऱ्या विचारतो. उस्ताद मान हलवतात. ६ व्होल्टच्या ४५ वॉटच्या दिव्याला साडेसात अँपिअर लागायचे, याला अडीच पुरतात. स्विचवर भारच नाही.

भार नाही, ही मात्र वेगळी भानगड आहे. जुन्या खटक्यांचे कॉन्टॅक्ट मोठ्या प्रवाहासाठी घडवलेले. ठिणगीनं त्यांच्यावरची काजळी जळून जायची. एवढ्याशा प्रवाहानं ती जळत नाही, साचत जाते. म्हणून फरशीवरचा डिमर उघडून साफ होतो. आतून मातीच माती निघते. हा खटका पुढच्या पावसाळ्याच्या आत बदला, असं उस्ताद काकांना दोनदा सांगतात.

पुन्हा मीटर. अर्थवर ०.०६. मडगार्डला ठोसा. ०.०६. बॉनेट आपटतात, बंपरवर पोऱ्या उड्या मारतो, इंजिन चालू करून रेस करतात. आकडा हलत नाही.

अंधार पडल्यावर आम्ही कॅम्पच्या बाजूला निघतो. मी मागच्या बाकावर, दांड्याला धरून. पहिला स्पीडब्रेकर, दुसरा, मग केबलसाठी खोदून अर्धवट बुजवलेला चर. जीप उसळते. दोन्ही दिवे लागलेलेच. काका डाव्या पायानं अप्पर करतात, डिपर करतात. उजेड डाव्या कडेला पडतो: पायी चाललेली दोन माणसं, मागे दिवा नसलेली सायकल, उभी हातगाडी. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, आणि डावा दिवा गेला की आधी हीच माणसं दिसेनाशी होतात. हौसेची गाडी म्हणून ही दुरुस्ती मागे टाकता येत नाही ती यासाठी.

एका लांब भिंतीसमोर जीप थांबवून दिव्यांची उंची बघतात. डावा किंचित वर होता, समोरच्याच्या डोळ्यांवर गेला असता. स्क्रू फिरवून तो खाली आणतात.

तुमच्या जुन्या गाडीचा एलईडी असाच मधूनमधून जात असेल, तर दुसरा दिवा विकत घेऊ नका. आधी दोन्ही दिव्यांची अदलाबदल करा, मग दिवा चालू ठेवून अर्थ मोजा. या जीपला लागली ती चार-पाच मीटर तार, थोडे थिंबल आणि एक पॉलिश पेपर.