शिबिराचा फोटो आणि वारसांची फाईल

मुदखेडच्या मुलाला वकील व्हायचे तर बहुधा रेल्वेने नांदेड गाठायचे आणि नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालयात नाव घालायचे. पदवीच्या अखेरीस त्याच्यापुढे शंभर गुणांचा एक वेगळा पेपर येतो. तीन अभिरूप न्यायालये, एक दिवाणी व एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहणे, अशिलाची मुलाखत, शेवटी दहा गुणांची तोंडी. बार कौन्सिलने 2008 च्या नियमांत हा आराखडा आखून दिला. कागदावर झकास आहे. पण दोन-चार तारखांत खटल्याचे काय दिसते? साक्षीदार गैरहजर, पुढची तारीख.

विधी सेवा प्राधिकरणांच्या 1987 च्या कायद्यातही अशा प्रत्यक्ष शिक्षणाचा उल्लेख आहे. मात्र लीगल एड क्लिनिक म्हटले की अनेक ठिकाणी गावात शिबिर, फलक, सत्कार आणि अहवालात फोटो एवढेच होते. शिबिरे वाईट नाहीत. त्यांत खऱ्या दाव्याची फाईल नसते, इतकेच.

आणि फाईल हवी ती मुदखेडसारख्या तालुका कोर्टात आहे. मराठवाड्यातला जमिनीचा दावा सातबाऱ्यावर थांबत नाही. मागे निजामाच्या राजवटीतले उर्दू कागद, 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा, संरक्षित कुळाला मालकी देणारे कलम 38-ई, 1954 चा इनाम रद्द करणारा कायदा. मूळ कूळ वारलेले, वारस तीन गावांत पांगलेले, एका फेरफारात बहिणींची नावेच नाहीत. अशा दाव्याची वंशावळ मांडायला आणि तारखांचा तक्ता करायला विद्यार्थ्याला बसवा. पुराव्याचा कायदा त्याला पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

एक कागद काय करू शकतो, हे पुण्यातल्या 1994 च्या एका खून खटल्यात दिसले. फाशीची शिक्षा झालेला कैदी गुन्ह्याच्या वेळी अज्ञान होता, हे राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून सिद्ध झाले. शाळेतले नाव वेगळे, खटल्यातले वेगळे. वय निघाले साडेबारा वर्षे. 27 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला, तेव्हा अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली होती. त्याची बाजू लढवली ती दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्रोजेक्ट 39ए या गटाने. याच विद्यापीठाच्या 2016 च्या अहवालासाठी विद्यार्थी देशभरच्या फाशीच्या कैद्यांशी बोलले होते.

विद्यार्थ्यांना खऱ्या फाईलवर बसवणे नांदेडला का जमू नये? अडचण पैशाची आहेच, पण कायद्याचीही आहे. 1961 च्या ॲडव्होकेट्स कायद्याने विद्यार्थ्याला वकीलपत्र घेता येत नाही. पूर्णवेळ प्राध्यापकाला वकिली करता येत नाही. म्हणजे शिकणाऱ्याकडे सनद नाही, शिकवणाऱ्याकडे अशील नाही. अमेरिकेत कित्येक राज्यांनी देखरेखीखाली विद्यार्थ्यांना कोर्टात उभे राहू दिले. हार्वर्डचा विद्यार्थी-चालित लीगल एड ब्युरो 1913 पासूनचा.

आपल्याकडे एक फट आहे. 1979 च्या नियमांनुसार प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवरचा एखादा वकील त्या तीन तासांसाठी बोलवावा. दावा दहा वर्षे चालेल, मुले तीन वर्षांत जातील. तेव्हा जाणाऱ्या तुकडीने पुढच्या तुकडीसाठी टिपण लिहून ठेवायचे, आणि गुण द्यायचे ते त्या टिपणाला.