फेरफारची फाइल बारा तुकड्यांत आली? जोडताना क्रम चुकला तर कागद असून नसल्यासारखा!

सिन्नर : जमिनीच्या सुनावणीची तारीख उद्यावर आलेली. वकिलांनी जुन्या फेरफारांचा स्कॅन केलेला गठ्ठा मेलवर मागितलेला. फाइल तुकड्यांत पोहोचली, पण जोडल्यावर काही केल्या उघडंना! अशी वेळ आता कुणावरही येऊ शकते. जुने सातबारे, फेरफार स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर आले. सुरुवातीच्या सात जिल्ह्यांत नाशिकही होता. कागद संगणकात आला खरा, पण मोठी फाइल इकडून तिकडे न्यायची कशी, हे ठाऊक असायला हवे.

तुकडे का करावे लागतात?

जीमेलवर साधारण २५ एमबीपर्यंतचीच फाइल जोडता येते. त्यातही पाठवताना आकार आतल्या आत सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून १८ एमबीचे तुकडे केलेले बरे. २०० एमबीची फाइल असेल तर बारा तुकडे होतात. लिनक्स संगणकावर हे काम ‘स्प्लिट’ ही आज्ञा करते.

जोडायचे कसे?

जोडणारी आज्ञा ‘कॅट’. १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून ती आहे. टाइप करताना सी-ए-टी ही इंग्रजी अक्षरेच टाकायची. ओळ एवढीच :

कॅट भाग_* > फेरफार.पीडीएफ

चांदणी म्हणजे ‘भाग_’ने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली. पुढचे चिन्ह म्हणजे सगळे एका नव्या फाइलीत ओत. हीच ओळ एका साध्या फाइलीत लिहून ठेवली की झाली शेल स्क्रिप्ट. दर वेळी आठवत बसायला नको.

खरी गोम क्रमात

तुकड्यांना हाताने १ ते १२ आकडे दिले, तर संगणक ते अक्षरांप्रमाणे लावतो. म्हणजे १ नंतर १०, ११, १२ आणि मग २! फाइलीचा आकार बरोबर दिसतो, पण आतली पाने विस्कटलेली. एखाद वेळी फाइल उघडतेही, पण मधली पाने कोरी. नेमके आजीचे नाव असलेले वारस नोंदीचे पान त्यातच गेले, तर सुनावणीत दाखवणार काय? म्हणून ०१, ०२, ०३ असेच आकडे द्यावेत.

स्क्रिप्टमध्ये आणखी दोन ओळी हव्यात. पहिली, तुकडे मोजणारी. बारा नसतील तर काम तिथेच थांबावे. दुसरी, ‘शा-२५६-सम’ची. ही आज्ञा फाइलीचा ६४ अक्षरांचा ठसा काढते. अंगठ्याच्या ठशासारखाच. पाठवणाऱ्याने मूळ फाइलीचा ठसा कळवायचा, घेणाऱ्याने जोडलेल्या फाइलीशी ताडून पाहायचा. एक अक्षर जरी वेगळे निघाले तरी फाइल बिघडलेली समजावी.

हे सांभाळा

जोडलेल्या फाइलीचे नाव ‘भाग_’ने सुरू करू नका, नाहीतर पुढच्या वेळी तीही तुकड्यांत धरली जाईल. एकाऐवजी दोन बाणचिन्हे टाकली, तर स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवताच जुन्या फाइलीच्या शेपटाला सगळे पुन्हा चिकटते. विंडोजवर हेच काम ‘कॉपी’ आज्ञेला ‘स्लॅश बी’ लावून होते.

आणखी एक. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे नीट उघडत असेल, तर ते तुकडे नव्हेत, वेगवेगळ्या पीडीएफ आहेत. त्या ‘कॅट’ने जुळत नाहीत, त्यासाठी ‘पीडीएफयुनाइट’ वापरावे.

आणि शेवटचे : ठसा जुळून, पाने मोजून होईपर्यंत मूळ तुकडे पुसू नका. मळणी होऊन धान्य घरात येईपर्यंत खळं कुणी मोडत नाही.