हार्टचं ऑपरेशन झालं, मनातल्या भीतीचं काय?



गटांच्या बैठकांना फिरताना हल्ली एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर येते. कुणाच्या मालकांना अटॅक येऊन गेला, कुणाच्या सासऱ्यांची बायपास झाली, कुठं तर आपल्या गटातल्या ताईंनाच स्प्रिंग बसवली (डॉक्टर तिला स्टेंट म्हणतात). पैसे कसे जमवले, महात्मा फुले योजनेत बसलं का, कुठल्या दवाखान्यात नेलं, हे सगळ्याजणी सांगतात. घरी आल्यानंतरचं मात्र विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही. विचारलं की आवाज खाली येतो. "बाकी बरं आहे हो ताई, पण माणूस पहिल्यासारखा राहिला नाही. बोलत नाहीत. रात्री उठून बसतात. जरा काही म्हटलं की अंगावर येतात."

आज त्या "पहिल्यासारखा राहिला नाही" बद्दलच लिहिते आहे.

आधी हे माहीत असू द्या की असं होणं फार नेहमीचं आहे. अटॅक येऊन गेलेल्या दर पाच जणांपैकी साधारण एकाला उपचार लागावेत इतकं नैराश्य येतं. थोडीफार भीती, उदासी, झोप उडणं तर त्याहून कितीतरी जास्त लोकांना होतं. म्हणजे तुमचा माणूस मनानं कच्चा आहे, आळशी झाला आहे किंवा नाटक करतो आहे, असं समजू नका. काल पोती उचलणारा माणूस आज खाटेवर बसून आहे. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून तारेनं बांधलेलं असतं, ते जुळायला सहा ते बारा आठवडे जातात. तोवर पाण्याची बादली उचलायची नाही, कुशीवर झोप लागत नाही, खोकला आला की जीव कळवळतो. काही गोळ्यांनी अंगात मरगळ येते. त्यात उसनवारी, सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, शरीरानं एकदा न सांगता दगा दिलेला असतो. त्यामुळे छातीत जरा चमक निघाली, गॅस झाला, जिना चढताना धडधड झाली, की मनात एकच येतं: परत आला काय?

आता यात हृदयाचा संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध आहे, आणि चांगलाच आहे. अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या मोठ्या संस्थेनं, अमेरिकन हार्ट असोसिएशननं, २०१४ साली सांगितलं की अटॅकनंतरचं नैराश्य हा पुढचा धोका वाढवणारा घटक मानावा, जसा आपण बीपी आणि शुगरला मानतो तसा. सतत ताणात असलेल्या माणसाची नाडी जलद चालते, बीपी वर राहतं. आणि ज्याचं मन उतरलंय तो चालायला जात नाही, तंबाखू परत सुरू करतो, गोळ्या सोडतो. हे शेवटचं सगळ्यात वाईट. स्प्रिंग बसवल्यावर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या बहुतेकांना निदान वर्षभर तरी रोज घ्याव्या लागतात. त्या मनानं बंद केल्या तर स्प्रिंगमध्येच गाठ होऊन दुसरा अटॅक येऊ शकतो. तेव्हा घरात कुणी म्हणालं, "कशाला त्या गोळ्या, आता काय माझं खरं नाही," तर ते वाक्य रागानं किंवा चेष्टेवारी घालवू नका. ते आजाराचं लक्षण म्हणून लिहून ठेवा.

ओळखायचं कसं? डॉक्टर सुरुवातीला दोनच प्रश्न विचारतात, ते तुम्हीही विचारू शकता. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही, काही गोड वाटत नाही, असं झालं का? आणि उदास, निराश, सगळं संपल्यासारखं वाटत राहिलं का? यातलं एक जरी "हो, बहुतेक दिवस" असं आलं, तर डॉक्टरांना सांगायचं. एवढ्यावरून आजार ठरत नाही, पण तपासायला हवं हे ठरतं. एक माझं निरीक्षण सांगते: आपल्याकडचे पुरुष "मला वाईट वाटतंय" असं म्हणत नाहीत. ते भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवतात.

छातीत दुखलं तर "टेन्शनचं असेल" असं घरच्या घरी ठरवायचं नाही. घाबरल्यामुळेही छाती भरून येते, घाम येतो, श्वास लागतो, आणि खरा अटॅकही असाच असतो. बाहेरून फरक कळत नाही. माणसाला खाली बसवा, डॉक्टरांनी जिभेखालची गोळी लिहून दिलेली असेल तर ती द्या (बसूनच, कारण तिनं चक्कर येते), आणि पाच मिनिटांत कमी झालं नाही तर १०८ लावा. दुखणं जोराचं असेल, घाम सुटला असेल, तर पाच मिनिटंही थांबू नका. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा: गोळी कुठं आहे, फाईल कुठं आहे, गाडी कुणाची. साधी गोष्ट आहे, पण काय करायचं हे ठरलेलं असलं की रात्रीची भीती बरीच उतरते. आजाऱ्याचीही आणि तुमचीही.

घरचे लोक प्रेमानं एक चूक करतात, ती मला फार दिसते. माणसाला काचेच्या भांड्यासारखं ठेवतात. उठू नको, बोलू नको, बाजारभाव सांगू नको, पोरांनो आवाज करू नका. त्या बिचाऱ्याला वाटतं, म्हणजे मी आता कामातून गेलो. डॉक्टरांनी परवानगी दिली की हळूहळू चालणं हेच औषध आहे, शरीराचं आणि मनाचंही. आधी अंगणात, मग देवळापर्यंत, मग ओढ्यापर्यंत. चालता चालता बोलता आलं पाहिजे एवढाच वेग. आपल्या देशातल्या २४ दवाखान्यांत अटॅकच्या सुमारे ४,००० रुग्णांवर योग-केअर नावाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२० साली आले. बेतानं शिकवलेला योग, श्वासाचा सराव आणि आजाराबद्दल गप्पा असं बारा आठवड्यांत तेरा वेळा केलं. त्यानं पुढचे अटॅक नक्की कमी झाले असं काही सिद्ध झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण लोकांना आपली तब्येत जास्त बरी वाटू लागली आणि ते आपल्या पूर्वीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. मला ही गोष्ट लहान वाटत नाही. तेव्हा हलकं काम हातात द्या. शेंगा फोडणं, नातवाला अंगणवाडीत सोडणं, दुधाचा हिशेब. आणि घरातल्या निर्णयात विचारा.

आणखी एक, जे लाजेमुळे कुणी विचारत नाही. नवरा-बायकोनं जवळ यावं की नाही? दोन मजल्यांचा जिना दम न लागता, छातीत न दुखता चढता येत असेल, तर बहुतेकांना त्यात धोका नसतो. तरी एकदा डॉक्टरांना विचारा, ते रोज हा प्रश्न ऐकतात. मात्र जाहिरातीतल्या "ताकदीच्या" गोळ्या अजिबात नाहीत. जिभेखालच्या गोळीबरोबर त्यातल्या काही जिवावर बेततात.

भेटायला जाणाऱ्या तायांनाही सांगणं आहे. पंधरा जणी एकदम जाऊ नका. आणि "आमच्या भावकीतला असाच बरा झाला होता, मग एका रात्रीत गेला" ही गोष्ट सांगायची नाही म्हणजे नाही. बसा, चहा घेऊ नका म्हटलं तर घेऊ नका, त्यांना बोलायचं असेल तर ऐका.

आजारी बाई असली की सगळंच उलटं होतं. नवऱ्याला सगळे जप म्हणतात, आणि तिला आठव्या दिवशी चुलीपुढं बसावं लागतं. बाईला अटॅकमध्ये छातीत दुखण्याबरोबर किंवा कधी त्याशिवायही दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, विलक्षण थकवा असं होतं, म्हणून ते पित्त समजून उशिरा नेलं जातं. घरी आल्यावर तिची भीती तर कुणी विचारतच नाही. तिच्या हंड्याची, भाकरीची सोय महिनाभर कुणी करायची, हे गटात बसून नावानिशी वाटून घ्या. आणि जी बाई नवऱ्याचा श्वास चालू आहे का हे बघत रात्र रात्र जागते, तिलाही आठवड्यातून दोन रात्री सुट्टी पाहिजे. भाऊ, मुलगा, पुतण्या, कुणीतरी झोपू दे तिथं.

पैशाचं ओझं हलकं करणं हासुद्धा मनाला आधारच आहे. गटाच्या अंतर्गत कर्जाच्या हप्त्याला एक-दोन महिने सवलत देण्याचा ठराव बैठकीत करता येतो. ग्रामसंघाकडे व्हीआरएफ असेल तर औषधासाठी मागणी करा. बँकेच्या कर्जाचा हप्ता मात्र आपल्या ठरावानं थांबत नाही, त्यासाठी शाखेत आधीच जाऊन बोलावं लागतं. सीआरपी ताईंना बरोबर न्या.

एवढं करूनही मन वर येत नसेल तर उपचार आहेत. बोलून करायचे आहेत, गोळ्यांचेही आहेत, आणि हृदयाच्या रुग्णांना चालतील अशा गोळ्या डॉक्टर निवडून देतात. आधी आशाताईंशी किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी बोला, पुढे जिल्हा रुग्णालयात मनोविकार तज्ज्ञ असतात. घरबसल्या बोलायचं तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं सुरू केलेला, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आजाऱ्यानंच फोन करायला हवा असं नाही, तुम्हीही करू शकता.

कुणी मरणाचं, जीव द्यायचं बोलत असेल तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं डोक्यात नसलेलं खूळ शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, आणि त्याच दिवशी दवाखाना किंवा १४४१६.

पुढच्या तपासणीला जाताना फाईलच्या पहिल्या कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: रोज झोप किती तास, कोणत्या गोळ्या चुकल्या, आणि कशाची भीती वाटते. केबिनमध्ये दोन मिनिटंच मिळतात, तिथं आठवत नाही. कागद डॉक्टरांच्या हातात द्या.