राग काढल्याने राग जात नाही

राग बाहेर काढला की माणूस मोकळा होतो, हा रागाबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांना त्यांच्या निबंधावर जहरी शेरे मारून आधी चिडवले. काहींना शेरे मारणाऱ्याला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे लगावायला सांगितले, काहींना दोन मिनिटे नुसते बसवले. ठोसे मारणारेच जास्त संतापलेले राहिले. नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले. २०२४ साली १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्याचाही कल हाच होता: दीर्घ श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणे यांनी राग उतरतो, शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरत नाही.

मग राग गिळायचा का? नाही. गिळलेला राग मनात घोळत राहतो आणि घोळवल्यानेच तो वाढतो. उपचारात हात घातला जातो तो या घोळणाऱ्या विचाराला. अल्बर्ट एलिस यांची आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती सांगते की, राग घटनेतून थेट येत नाही, मधे आपला हट्ट असतो. मुलगा न विचारता गाडी घेऊन गेला. ‘त्याने असं वागताच कामा नये’ म्हटले की संताप. ‘मला हे पटलेलं नाही, आणि ते मी त्याला सांगणार’ म्हटले की नाराजी. नाराज माणूस अन्यायाविरुद्ध लढू शकतोच, उलट नेम धरून लढतो. त्यामुळे उपचाराने माणूस मिळमिळीत होतो, ही भीती निराधार आहे.

‘स्वभावाला औषध नाही’ हा शेवटचा आक्षेप. १९९८ साली ५० अभ्यासांच्या आढाव्यात दिसले की, विचार आणि वर्तनावर काम करणारे उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्या ७६ टक्के लोकांपेक्षा बरी होती. अर्थात, सगळेच रागाच्या खाती टाकता येणार नाही. साहेबासमोर गप्प बसणारा आणि घरी बायकोवर हात उगारणारा माणूस ताबा ठेवू शकतो, हे त्यानेच दाखवलेले असते. तिथे उपचाराआधी तिची सुरक्षितता आणि कायदा येतो. पण राग आवरत नाही आणि नंतर पस्तावा होतो, अशांनी मदत घ्यायला लाजू नये. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.