एकटा नारिंगी तारा

मदिना शहरावर वसंतात संध्याकाळी दिसणारा एक तारा आपल्या अलिबागवरूनही दिसतो. अरबांनी त्याला ‘अल-फर्द’ म्हणजे ‘एकटा’ असे नाव दिले, कारण त्याच्या आसपास दुसरा ठळक तारा नाही. हिब्रूतला ‘निफ्राद’ म्हणजे वेगळा झालेला, हा शब्द याच धातूचा. ‘मदिना’ हा शब्दही दोन्ही भाषांत आहे. अरबीत त्याचा अर्थ शहर, हिब्रूत राज्य. सातव्या शतकात तिथे यहुदी कुळे राहत होती. त्यांच्याही डोक्यावर हाच तारा होता.

हा तारा वासुकी तारकासमूहात आहे. त्याचा पृष्ठभाग सुमारे ३,८०० अंश सेल्सिअस तापलेला, तर आपल्या सूर्याचा सुमारे ५,५०० अंश. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे होते, तसाच हा प्रकार. तारा जितका थंड, तितका तांबूस. म्हातारपणी फुगल्यामुळे त्याचा व्यास सूर्याच्या जवळजवळ ५० पट झाला आहे. तरी तो फिका वाटतो, कारण अंतर सुमारे १८० प्रकाशवर्षे. आज डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा बोरीबंदर ते ठाणे आगगाडी (१८५३) धावलीही नव्हती.

पाहायचा कसा? एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊ-साडेनऊला दक्षिणेकडे तोंड करा. जवळजवळ डोक्यावर मघा हा ठळक तारा असेल. हात लांब करून तिथून खाली एक वीत मोजा, किंचित उजवीकडे. तिथला एकटा तारा हाच. इस्राएलमधल्या वाचकांनाही त्याच सुमारास तो दक्षिणेला दिसेल, मात्र थोडा खाली. पेसाहला पौर्णिमेचा चंद्र असतो. म्हणून निसान महिन्याच्या पहिल्या रात्री अधिक बऱ्या.

रंग दिसला नाही तर डोळ्यांना दोष देऊ नका. मंद उजेडात माणसाला रंग कळत नाही, आणि वयोमानाने डोळ्यातले भिंगही पिवळसर होते. साधी दुर्बीण लावा, हात भिंतीला टेकवा, आणि आधी निळसर पांढरी मघा, मग हा तारा पाहा. शेजारी ठेवल्यासारखा फरक कळेल. गच्चीवर एकटे जाऊ नका. नातवंडांना बरोबर घ्या: त्यांचे डोळे तारा शोधतील, नावाचा अर्थ तुम्ही सांगा.