व्हीपीएन वाहतुकीचे रूपगोपन : कार्यपद्धती आणि वापराचा विवेक

१. प्रस्तावना

इंटरनेटवरून जाणारा मजकूर गुप्त राखणे आणि तो मजकूर गुप्तपणे पाठवला जात आहे ही गोष्टच लपवणे, या दोन भिन्न बाबी होत. व्हीपीएन म्हणजे आभासी खासगी जाळे पहिली बाब साध्य करते, दुसरी नव्हे. कुलूपबंद पेटीतील ऐवज नाक्यावरील पहारेकऱ्यास दिसत नाही. परंतु पेटीचा आकार, वजन आणि कुलपाची घडण त्याला दिसतेच. कुलूपबंद पेट्या पुढे जाऊ द्यायच्या नाहीत, असा आदेश त्याला मिळाला असेल, तर कुलूप कितीही भक्कम असले तरी त्याचा उपयोग नाही. पेटी ही पेटीच न वाटावी यासाठी जी तंत्रे योजली जातात, त्यांना ‘ऑब्फस्केशन’ म्हणतात. येथे त्यासाठी ‘रूपगोपन’ ही संज्ञा वापरली आहे. या तंत्रांची कार्यपद्धती, चीनमधील त्यांचा अनुभव आणि त्यांच्या वापराचे निकष यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. व्हीपीएन कसे ओळखले जाते?

ओळख पटवण्याचे मार्ग प्रामुख्याने चार आहेत. पहिला मार्ग सर्व्हरच्या पत्त्याचा व पोर्टचा. ओपनव्हीपीएनसाठी ११९४ हा पोर्ट नोंदलेला आहे. तो बंद केला की साध्या मांडणीतील जोडणी थांबते. दुसरा मार्ग पॅकेटच्या रचनेचा. प्रत्येक प्रणाली संभाषणाचा आरंभ ठरावीक पद्धतीने करते. वायरगार्डचे पहिले पॅकेट १४८ बाइटचे व त्याचे उत्तर ९२ बाइटचे असते. मजकूर वाचता आला नाही तरी एवढी खूण पुरेशी ठरते. तिसरा मार्ग पॅकेटांची लांबी आणि त्यांच्यामधील कालांतर यांच्या सांख्यिकीय अभ्यासाचा. चौथा मार्ग सक्रिय चाचणीचा. यात संशयित सर्व्हरशी पहारेकरी स्वतःच संपर्क साधतो व त्याच्या उत्तरावरून त्याचे खरे स्वरूप ताडतो.

३. रूपगोपनाच्या दोन दिशा

पहिली दिशा कोणतेच रूप न ठेवण्याची आहे. प्रत्येक बाइट यादृच्छिक वाटेल अशा रीतीने संपूर्ण प्रवाह सांकेतिक केला जातो, त्यामुळे ओळखण्याजोगी खूण उरत नाही. टॉर या अनामिकता-जाळ्यासाठी तयार झालेले ओबीएफएस४ आणि चीनमधील वापरकर्त्यांसाठी निर्माण झालेले शॅडोसॉक्स या वर्गात मोडतात. पूर्वीच मिळालेली गुप्त किल्ली ज्याच्याजवळ नाही, अशा आगंतुकास ओबीएफएस४ सर्व्हर उत्तरच देत नाही. त्यामुळे सक्रिय चाचणी निष्फळ ठरते.

दुसरी दिशा परिचित रूप धारण करण्याची आहे. सुरक्षित संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या टीएलएस प्रणालीत व्हीपीएनचा प्रवाह गुंडाळून तो ४४३ या पोर्टवरून पाठवला जातो. येथे नक्कल आणि प्रत्यक्ष वापर यांतील भेद महत्त्वाचा आहे. वरवरची नक्कल करणारे सोंग बारीकसारीक प्रश्नांपुढे उघडे पडते. खऱ्या टीएलएस जोडणीतून वाहणारा प्रवाह वेगळा काढणे त्याहून कठीण असते. तथापि, बाहेरचे आवरण खरे असले तरी आतील पॅकेटांच्या लांबीचा ठसा उरू शकतो. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांच्या २०२२ मधील अभ्यासात, रूपगोपन करतो असा दावा असलेल्या व्यावसायिक व्हीपीएनच्या ४१ मांडण्यांपैकी ३४ ओळखता आल्या. पॅकेटांच्या लांबीत यादृच्छिक भर न घालणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

४. चीनमधील अनुभव

टॉरच्या गुप्त प्रवेशद्वारांचा शोध चीनची तपासणी-यंत्रणा कसा घेते, हे स्वीडनमधील कार्लस्टाड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. टॉरच्या आरंभीच्या टीएलएस संदेशातील विशिष्ट खूण आढळताच चिनी संगणक त्या सर्व्हरशी संपर्क साधत आणि खात्री पटल्यावर तो रोखला जाई. अशा चाचणीला दाद न देणारी ओबीएफएस४ प्रणाली त्यानंतरच्या काळात पुढे आली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये या संघर्षाने निराळे वळण घेतले. ‘कोणतेच रूप नसणे’ हीच खूण मानून यंत्रणेने जोडण्या रोखण्यास प्रारंभ केला. चांगल्या सांकेतिक मजकुरात प्रत्येक बाइटच्या आठ बिटांपैकी सरासरी चार बिट ‘१’ असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पहिल्या पॅकेटमध्ये ही सरासरी ३.४ ते ४.६ यांच्या दरम्यान असल्यास ते संशयास्पद ठरे. मात्र आरंभीचे सहा बाइट छापता येण्याजोगी अक्षरे असतील किंवा प्रवाह टीएलएस अथवा एचटीटीपी वाटत असेल, तर त्यास सूट मिळे. हा नियम सरसकट लावल्यास सुमारे ०.६ टक्के सामान्य वाहतूकही बंद पडली असती, असा संशोधकांचा अंदाज होता. म्हणूनच तो विशिष्ट डेटा सेंटरांच्या पत्त्यांपुरता आणि जोडण्यांच्या सुमारे एक चतुर्थांश भागालाच लावला जात होता. नियंत्रकालाही चुकीची किंमत मोजावी लागते, हे यावरून स्पष्ट होते.

५. वापर केव्हा करावा?

सार्वजनिक वायफायवरील सुरक्षितता अथवा घरून संस्थेच्या संगणकांशी जोडणी, एवढाच हेतू असेल तर साधे व्हीपीएन पुरेसे असते. रूपगोपनाने सांकेतिकतेचे बळ वाढत नाही. अतिरिक्त आवरणामुळे वेग मात्र घटू शकतो. जेथे व्हीपीएनच रोखले जाते आणि पत्रकार, संशोधक किंवा सामान्य नागरिक यांना मुक्त माहितीची निकड असते, तेथेच त्याची खरी गरज भासते.

दोन मर्यादा विसरता येत नाहीत. रूपगोपन वाटेवरील पहारेकऱ्यापासून संरक्षण देते, व्हीपीएन पुरवठादारापासून नव्हे. भारतात सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनी व्हीपीएन पुरवठादारांना ग्राहकांची माहिती किमान पाच वर्षे जतन करण्यास सांगितले. संस्थांची अंतर्गत व्हीपीएन त्यातून वगळली गेली. दुसरी मर्यादा कायद्याची आहे. जेथे अनधिकृत व्हीपीएनच निषिद्ध आहे, तेथे रूपगोपन उघडे पडल्यास केवळ जोडणी तुटत नाही. परिणाम व्यक्तीला भोगावे लागतात. ‘ओळखता न येणारे’ या जाहिरातीतील आश्वासनावर विसंबून कोणास असा सल्ला देणे म्हणूनच जबाबदारीचे ठरत नाही.

६. समारोप

रूपगोपनाचे बळ अदृश्यतेत नसून गर्दीत मिसळण्यात आहे. जी वाहतूक थांबवल्यास व्यापार, बँका व शासन यांचेच व्यवहार खोळंबतील, तिच्यात सामावलेला प्रवाह रोखणे नियंत्रकास महाग पडते. चीनमधील अनुभव हेच सांगतो की, मुखवटा घातलेला एकटा मनुष्य रिकाम्या रस्त्यावर अधिकच उठून दिसतो. त्यामुळे साधनाची निवड करताना ते किती लपवते यापेक्षा ते कोणासारखे दिसते, आणि उघडे पडल्यास किंमत कोणास मोजावी लागेल, हे प्रश्न आधी विचारले जाणे आवश्यक आहे.